हरित शहरे आणि रात्रीचे शिवार

दिवाळीची सुटी लागली की मध्यमवर्गीय घरात सहलीचे बेत ठरतात. देवदर्शन, एखादा किल्ला, फार तर कोकणचा समुद्र. यंदा श्रीगोंद्याच्या आमच्या घरात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने निराळाच आग्रह धरला. अपारंपरिक ऊर्जा आणि हरित शहरे हा तिच्या अभ्यासाचा विषय. उदाहरणे मात्र सारी दूरदेशीची. "आपल्याकडे पाहण्यासारखे काहीच नाही का?" हा तिचा प्रश्न. भाड्याची जीप ठरली. शेती पाहणारे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे तात्या म्हणतात, त्यांनाही आग्रहाने बरोबर घेतले. या दोन दिवसांच्या प्रवासात जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

बेलवंडी फाट्यावरून पुणे-नगर रस्त्याला लागले की राळेगणसिद्धी फार दूर नाही. 1975 नंतर पाणलोटाच्या कामाने हे गाव नावारूपाला आले. 2017 साली राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ करताना राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या दोन गावांची निवड केली. योजनेमागील विचार साधा आहे. प्रत्येक विहिरीवर वेगळा सौरपंप बसविण्याऐवजी उपकेंद्राजवळच सौर तावदाने उभारावयाची आणि शेतीच्या संपूर्ण वाहिनीला दिवसा वीज पुरवावयाची. एक मेगावॉटसाठी चार-पाच एकर जमीन लागते. मात्र वीज दुरून आणताना तारांत होणारी गळती वाचते.

तेथून पुढे सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसू लागतात. त्या पाहताना एक गोष्ट मनात आली. आपल्या भागात वाऱ्याला जोर असतो तो पावसाळ्यात. ऊन कडक असते उन्हाळ्यात. आणि ज्याच्या भुशावर वीज निर्माण होऊ शकते त्या उसाचे गाळप चालते हिवाळ्यात. निसर्गाने वर्षाची वाटणीच जणू करून ठेवली आहे. आम्ही हे कौतुकाने बोलत असता मुलीने विचारले, "तात्या, ही वीज आपल्या मळ्यात येते का हो?" तात्या शांतपणे म्हणाले, "येते की. पण तुम्ही सगळे निजल्यावर येते."

या एका वाक्याने सहलीचा रंग पालटला. शेतीची वीज आळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत उसाला दारे धरावयाचे म्हणजे चिखलात अनवाणी उभे राहणे, पायाखाली साप आणि सरीआड बिबट्या. वीज मोफत असताना तक्रार कशाची, असे शहरात विचारले जाते. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज देण्याचे धोरण आले, हे खरे. परंतु मोफतची वीज आणि वेळेवरची वीज या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिल माफ झाल्याने झोप परत मिळत नाही.

संध्याकाळी हिवरे बाजार गाठले. येथे गावकरी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. शेतीसाठी कूपनलिका घेत नाहीत आणि ऊस लावीत नाहीत. विजेचा धडा येथेही आहेच. पाणी जितके उथळ आणि उपसा जितका बेताचा, तितकी वीज कमी लागते. न लागलेली वीज हीच सर्वांत स्वच्छ वीज होय. उसावर उभ्या असलेल्या आमच्या तालुक्याला हे ऐकणे जड जाईल. पण ऐकणे भाग आहे.

दुसऱ्या दिवशी पुणे पाहिले. 2019 पासून तेथे विजेवरच्या बस धावतात, 2022 पासून मेट्रो धावते. धूर नाही, आवाज बेताचा. मुलांना ते आवडले आणि आम्हालाही आवडले. मात्र पुण्याच्या पश्चिमेस मुळशी आहे, हे विसरून चालणार नाही. मुंबईच्या विजेसाठी तेथे धरण बांधण्याचे ठरले तेव्हा, 1921 साली, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्याचे नेतृत्व करणारे सेनापती बापट हे आमच्या शेजारच्या पारनेरचे सुपुत्र. पाण्यावरच्या त्या विजेलाही धूर नव्हता. तरीही धरण झाले आणि गावे बुडाली. धूर नसणे म्हणजे अन्याय नसणे नव्हे, हा धडा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे.

आज सौरऊर्जेसाठी गावोगावच्या गायरानांकडे पाहिले जाते. गायरान म्हणजे पडीक जमीन नव्हे; मेंढपाळाचे ते कुरण आहे. शहरांतील कचेऱ्या, शाळा, गृहसंस्था यांची गच्ची आधी तावदानांनी भरावी आणि गायरानाचा विचार त्यानंतर, तोही ग्रामसभेत खुली चर्चा करूनच व्हावा. सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला असून जेथे प्रकल्प पूर्ण झाले तेथे शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. म्हणजे हे अशक्य नाही. कोणत्या वाहिनीला दिवसा किती तास वीज मिळाली, याचा तक्ता दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे तर मुळीच अवघड नाही.

शिक्षकांना एक विनंती. शाळेची सहल एकदा तरी विजेच्या उगमाकडे न्यावी आणि परतताना मुलांना रात्रीचे शिवारही दाखवावे. शहर हरित झाले की नाही, हे तेथील झाडे आणि बस मोजून कळणार नाही. त्याला वीज पुरविणाऱ्या मुलखातील शेतकरी रात्री स्वस्थ झोपतो काय, यावरून ते कळेल. परतलो त्या रात्री आमच्याकडे पाळी होती. जीपमधून उतरून तात्या घरात आलेच नाहीत. विजेरी घेऊन ते थेट मळ्याकडे गेले.