मुलाम्याची किंमत

ध्वनियंत्राच्या किमतीत ध्वनीचा वाटा किती आणि बाह्य झगमगाटाचा किती, हा प्रश्न काही वाचकांना चैनीचा वाटेल. घाटकोपर-मुलुंडला दोन खोल्यांचे भाडे भरताना जेथे नाकी नऊ येतात, तेथे लाखांच्या अॅम्प्लिफायरची चर्चा कशाला? तथापि वस्तूची किंमत कशी घडते हे चैनीच्या वस्तूत जितके उघडे दिसते, तितके गव्हाच्या पोत्यात दिसत नाही. म्हणून हा प्रपंच.

२०१६ साली सोनी कंपनीने दोन उंची वॉकमन एकाच वेळी जाहीर केले. एकाचे कवच अॅल्युमिनियमचे. दुसऱ्याचे तांब्याच्या ठोकळ्यातून कोरून त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले. अमेरिकेत पहिल्याची किंमत सुमारे १,२०० डॉलर, दुसऱ्याची ३,२००. दुसऱ्यातील तारा व काही सुटे भाग सरस होते, साठवणक्षमताही दुप्पट होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे; पण यंत्राचा गाभा उभयतांत एकच. त्याआधी २०१५ मध्ये सेनहायझरने सुमारे ५०,००० युरोंचा हेडफोन-संच जाहीर केला. त्याचा अॅम्प्लिफायर इटलीतील कॅरारा संगमरवरात बसवलेला होता. दगड कंपने रोखतो, हे त्याचे समर्थन. रोखत असेलही, मग आपल्या ओट्याची कडप्प्याची लादी काय वाईट?

सोने गंजत नाही, म्हणून तारांच्या जोडटोकांवर त्याचा पातळ थर उपयोगी पडतो. वीज वाहून नेण्यात मात्र चांदी आणि तांबे दोन्ही त्याहून सरस. आणि दर्शनी पट्टीतून तर ध्वनीचा प्रवाह जातच नाही. लाउडस्पीकरच्या पेटीची गोष्ट निराळी. तिच्या फळीची जाडी व आतले आधार आवाज घडवतात, वरची आरशासारखी झिलई नव्हे. बोरिवलीच्या उघड्या भिंतींच्या खोलीत जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट आवाजात जो फरक पाडतील, तो सोन्याच्या मुलाम्याने पडणार नाही.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचे उदाहरण दिले होते. अॅल्युमिनियमचा स्वस्त चमचाही तेच काम करतो. तरी चांदीचा सुंदर वाटतो, आणि त्या वाटण्यात त्याच्या महागपणाचा वाटा मोठा असतो. यात किमतीच्या गणिताची भर पडते. समजा, मुलाम्याचा कारखान्यातील खर्च हजार रुपये आहे. उत्पादक, वितरक व दुकानदार या तिघांनी प्रत्येकी ४० टक्के चढवले, की ग्राहकापर्यंत त्याचे २,७४४ रुपये होतात. वर कर आहेतच, कारण नफा काय आणि कर काय, दोन्ही टक्केवारीने चालतात. मुलामा देणाऱ्याची मजुरी तेवढी टक्केवारीने वाढत नाही.

अंधेरीचे सिप्झ १९७३ मध्ये केवळ इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी उभे राहिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे जडजवाहिरांनाही प्रवेश मिळाला. सर्किट आणि सोने एकाच आवारात आले. पण झिलईचे काम एवढ्या नीटनेटक्या आवारांत नेहमी होत नाही. ते लहान गाळ्यांत, बफिंगच्या चाकापाशी आणि द्रावणांच्या टाक्यांशी होते. सोन्याच्या मुलाम्याच्या द्रावणात सायनाइड असते. क्रोमच्या टाकीची वाफ नाक व फुप्फुसे पोखरते. पॉलियुरेथेन रोगण फवारणाऱ्यास त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. अशा कामगाराचे नाव हजेरीपटावर सापडेलच, असेही नाही.

यावर आपल्यातील काही जण म्हणतील, नकोच ती झिलई. हे मला पटत नाही. मुलुंडच्या वेशीपलीकडे, ठाण्यात, एके काळी मर्फी रेडिओचा कारखाना होता. चाळीतल्या घरी आलेल्या रेडिओवर घरातल्या बाईने विणलेला रुमाल पडे. सौंदर्याची ती भूक खरी होती, आणि दोरा-सुईच्या खर्चात भागत होती. कारागिराच्या हातालाही मोल आहेच. आक्षेप आहे तो त्या मोलाच्या वाटपाला. मुलाम्याच्या गाळ्यात विषारी वाफ ओढून घेणारा पंखा बसवायला या वाढीव किमतीचा कितवा हिस्सा लागेल, एवढा हिशेब तरी उपनगरांतल्या कामगार संघटनांनी मालकांकडे मागावा.