आर. सी. बुकावर बापाचं नाव

परवा मलकापुरात आपली बैठक झाली. उठता उठता एका साथीनं सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘तू म्हणे दोन वर्षं एक भंगार गाडी उभी करतोयस. क्रोम लावणार, निळी रंगवणार, रस्त्यावरनं मिरवणार. तेवढ्या पैशात वस्तीत अभ्यासिका झाली असती. चळवळीच्या पोराला हे लाड शोभतात का?’

चारपाच जण हसले. मीही हसलो. उत्तर सुचलं नाही. रात्री एस.टी.त सुचलं, आणि ते लांबलचक आहे, म्हणून इथं लिहितो. साथीवर राग नाही. सवाल बरोबरच आहे. पण तो नेहमी आपल्यालाच का विचारला जातो, हे बघायला पाहिजे.

आधी गाडीचं सांगतो. पिकअप आहे. एफ.सी. १५०. मूळ अमेरिकेतल्या विलिस जीपच्या घराण्यातली, साठच्या दशकात महिंद्रानं इथं बनवायला घेतली. नाक नसलेली, चपट्या तोंडाची. इंजिन पुढं नाही, केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधोमध झाकणाखाली. उन्हाळ्यात मांडी भाजते. मागं हौदा. आमच्या गाडीची नोंद १९७१ ची. शाहूवाडी तालुक्यातल्या एका लाकडाच्या वखारीवर ती होती. सकाळी लाकूड, बाजारच्या दिवशी वडाप. नोंद खाजगी, धंदा भाड्याचा. तेव्हा सगळ्या तालुक्याचं असंच चालायचं.

या गाडीवर माझा बाप क्लीनर होता. १९७४ ते १९९६. बावीस वर्षं.

बावीस वर्षांत गाडी धुणं, पाटे बदलणं, रेडिएटरमध्ये पाणी ओतणं, आंबा घाटात चाकाखाली दगड लावणं, लाकूड चढवणं, उतरवणं हे सगळं आबांनी केलं. इंजिनाच्या आवाजावरनं ते दुखणं सांगायचे. तीन ड्रायव्हर बदलले, तिघांना गाडी आबांनी समजावून दिली. आबांना मात्र स्टेअरिंगवर बसवलं नाही. केबिनमध्येही नाही. शेजारची सीट मोकळी असली तरी आबा हौद्यात. पावसात पोतं डोक्यावर घेऊन हौद्यात. शाहूवाडीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना मी जास्त सांगत नाही.

कुणी कधी ‘बसू नको’ म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. बोर्ड लावावा लागत नाही ती जात.

आता दोस्तांनो, जरा मागं चला. १९०१ साल. नऊदहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. बापाकडं गोरेगावला जायचं होतं. पोरं महाराची आहेत म्हटल्यावर एक गाडीवान बैल जुंपेना. शेवटी ठरलं काय? भाडं दुप्पट, पोरांनी गाडी स्वतः हाकायची, आणि गाडीवान बाजूनं चालणार. १९२९ साली तोच भीमराव बॅरिस्टर होऊन चाळीसगावला उतरला. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाहीत. वस्तीतल्या माणसांनी टांगा तेवढा भाड्यानं घेतला, आणि ज्यानं जन्मात लगाम धरला नव्हता तो हाकायला बसला. मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

या हकिगती आपण भाषणात सांगतो आणि अपमान झाला म्हणून थांबतो. मला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. चाळीसगावच्या वस्तीत लगाम धरता येणारा एकही माणूस का नव्हता? कारण लगाम कुणी हातात दिलाच नव्हता. मागं बसायचं की पुढं, हाकायचं की ढकलायचं, हे इथं जातीनं ठरवलं. शाहू महाराजांना हे कळलं होतं. त्यांनी अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या, तसंच माहूत आणि कोचमनही केलं. हत्तीच्या मानेवर आणि गाडीच्या पुढच्या बैठकीवर बसवलं. गंगाराम कांबळेच्या हॉटेलात महाराज भर रस्त्यात थांबून, लोकांच्या देखत चहा प्यायचे. तो चहा वाड्यात मागवता आला असता. रस्त्यावर पिण्यालाच अर्थ होता.

माझा बाप क्लीनर झाला तो महाराजांना जाऊन बावन्न वर्षं झाल्यावर. तरी हौद्यातच.

आता रस्त्याचं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन मजुरांची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पोरांनी जुन्या शेवरोले भंगारातनं उचलल्या. नवी गाडी परवडत नव्हती. गोऱ्या पोरांचा षोक गाडी उंच आणि जोरात पळवायचा. या पोरांनी उलटं केलं. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली, आरशासारखी रंगवली आणि रविवारी सगळ्या गावासमोरनं माणसाच्या चालीनं नेली. लोरायडर म्हणतात त्याला. सरकारनं कायदा केला की रिमच्या खाली गाडीचा भाग येता कामा नये. तेव्हा १९५९ च्या सुमारास रॉन अगिर्रे नावाच्या एका पोरानं विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप गाडीला बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. मग गावागावांनी हळू गाडी फिरवण्यावरच बंदी घातली. ही बंदी आणि तो उंचीचा नियम कॅलिफोर्नियानं काढला १ जानेवारी २०२४ ला. पासष्ट वर्षं लागली.

हळू गाडी चालवण्याला सरकार का भ्यावं? जोरात पळणाऱ्याला तुम्ही बघत नाही, तो निघून जातो. हळू जाणाऱ्याला बघावंच लागतं. आणि तो तुमच्याकडं बघतो. ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडनं १९७२ साली आपण नाव घेतलं. शेजारच्या या भंगारवाल्या पोरांकडनंही काही घेण्यासारखं आहे.

आणि अमेरिका कशाला, कोल्हापुरातच बघा. राजघराण्याची तीसच्या दशकातली मायबाख गाडी दसऱ्याला बाहेर पडते. हळू हळू चालते. रस्त्याच्या दोन्ही बाजूला लोक उभे. मीही लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून बघितलीय. गाडी सुंदर आहे, तिला जपणाऱ्या मिस्त्र्यांना माझा सलाम. पण त्या गाडीला कुणी विचारत नाही की बाई, तुझा उपयोग काय? तुझ्या पॉलिशच्या पैशात अभ्यासिका झाली असती की. त्यांची जुनी गाडी वारसा, आपली जुनी गाडी भंगार. त्यांनी फिरवली तर परंपरा, आपण फिरवली तर माज.

साथी, तुझ्या सवालातली मला खुपलेली जागा हीच. गरिबानं फक्त उपयोगाचंच करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसायला सांगितलं, जातीची खूण दाखवणारे दागिने टाकायला सांगितले. त्यानं कुणाचं पोट भरणार होतं? स्वतः ते कोट, टाय घालून फिरले. बघणाऱ्याची नजर बदलणं हेही काम आहे, हे त्यांना ठाऊक होतं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि हौद्यातला क्लीनर एकाच घरातले आहेत.

आता कामाचं सांगतो, कारण नुसत्या बोलण्यानं गाडी उभी राहत नाही. मी उद्यमनगरात डेंटिंगचं काम करतो. वखार बंद पडली, गाडी फणसाखाली दहा वर्षं कुजली. मालकाच्या नातवाकडनं भंगाराच्या भावानं घेतली. तळाचा पत्रा हातानं मोडत होता. चेसीस मात्र शाबूत. हरिकेन इंजिन, चार सिलिंडर, पेट्रोलचं. याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं आजकालच्या पोरांना उघडल्यावर घाम फुटतो. बोअर करून मोठे पिस्टन टाकले. व्हॉल्व्ह बसवून घासले. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड तडकलेला, कुठं मिळेना. लाकडी पॅटर्न करून शिरोलीच्या एका भट्टीत ओतून घेतला. भट्टीत वाळू चाळणारी, ओतलेला माल घासणारी पोरं कोण? आपलीच. पॅटर्न बघून त्यातला एक म्हणाला, ‘एवढी वर्षं ओततोय, पण हा माल कुठल्या गाडीत जातो ते आज पहिल्यांदा कळलं.’ या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं बनवला. हात सगळ्यांचेच चालतात. नाव कुणाचं लागतं, एवढाच प्रश्न.

पोरांचे बेत लई होते. टप कापू, डिझेल इंजिन टाकू, खाली बसवू. मी नको म्हटलं. एक तर आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांत खाली बसवलेली गाडी घाटाच्या पायथ्यालाच पोट फाडून घेईल. दुसरं कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठणकावलं. पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाडीला २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंद मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण चेसीस, बॉडी, इंजिन मुळातलं पाहिजे. आणि अशी गाडी रोज फिरवायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची.

म्हणजे साथी, ‘निदान पेशंट तरी ने’ हा तुझा दुसरा सल्लाही बाद. पेशंट न्यायला सरकारी अँब्युलन्स वेळेवर आली पाहिजे. त्यासाठी मोर्चा काढू, मी पुढं असेन. माझ्या बापाच्या गाडीनं सरकारचं काम करायचं, हे मला मान्य नाही.

आता तुझं जिथं बरोबर आहे ते कबूल करतो. आपली पोरं जयंतीला कर्ज काढतात. डीजेच्या भिंती भाड्यानं आणतात, दुसऱ्या दिवशी कान बधिर आणि खिसा रिकामा. नेत्याचा फ्लेक्स लागतो, त्यावर बाबासाहेब बोटभर आणि नेता हातभर. असली मिरवणूक ही आपली नसते, आपल्याला भाड्यानं घेतलेली असते. माझी गाडी त्यात गेली तर तू खुशाल तिच्यापुढं आडवा पड. म्हणून नियम केलाय. एक पैसा वर्गणीचा नाही, कर्जाचा नाही. फ्लेक्स नाही, डीजे नाही. ज्यानं हात लावला त्याचं नाव हौद्याच्या आतल्या बाजूला रंगवायचं. आज अकरा नावं आहेत. दोन मातंग वस्तीतल्या पोरांची, एक मुसलमान पेंटरचं. आणि अभ्यासिकेला जागा मिळाली की पत्रा माझा, मजुरी माझी. हेही इथं छापून ठेवतो.

राहिला कागद. नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन मी मालकाच्या नातवाकडं गेलो. चांगला पोरगा आहे, चहा दिला. फॉर्म वाचून म्हणाला, ‘म्हाताऱ्याच्या नावावर कशाला करतोस? तुझ्याच कर की.’ मी म्हटलं, ‘त्यांच्याच नावावर करायचीय.’ त्यानं सही केली. कागद अजून आर.टी.ओ.त फिरतायत. फिरू देत.

गेल्या महिन्यात इंजिन पहिल्यांदा लागलं. आबांना दाखवायला घेऊन आलो. पंचाहत्तरी झालीय. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. झाकण उघडून कान लावला. म्हणाले, ‘तिसऱ्याचं व्हॉल्व्ह टकटकतंय.’ खरंच टकटकत होतं.

मी केबिनचं दार उघडलं. ‘आबा, बसा की.’

आबा मागं गेले आणि हौद्याच्या फळीला हात घालून वर चढायला लागले.

‘आबा, पुढं. तुमचीच गाडी हाय आता.’

‘असू दे रं. मला हितंच बरं वाटतंय.’

मी गप्प बसलो. साथी, अभ्यासिका बांधली तर माझी पोरगी त्यात शिकेल, ते पाहिजेच. पण माझ्या बापाच्या पायात जे बसलंय ते कुठल्या पुस्तकानं निघणार? ते गाडीनंच बसवलंय. गाडीनं निघतं का, हे मला बघायचंय. नाही निघालं तर तसंही लिहीन.

चौदा एप्रिलला गाडी गावाच्या पेठेतनं जाईल, बंद पडलेल्या वखारीवरनं जाईल. ताशी दहाच्या वर काटा जाणार नाही. परवानगीचा अर्ज दिलाय. मिरवणूक ही प्रदर्शनात मोडते की नाही, याचं उत्तर लेखी मागितलंय. चालवायला मी असेन. शेजारची सीट मोकळी ठेवणार आहे.

गॅरेजात, भट्टीत, लेथवर काम करणाऱ्या पोरांनो, त्या दिवशी या. हौद्यात अजून नावांना जागा आहे.

जय भीम.