पडद्यावरचें गाणें आणि उसना गळा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानशी मंडळी जमली होती. वरच्या वर्गांतील पांचसहा विद्यार्थी, त्यांपैकीं दोघांचे वडील आणि आम्ही, अशा सर्वांनीं मिळून आठवडाभरांत चार संगीतपट पाहिले. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून निघालेला 'ले मिझेराब्ल' (२०१२), आपला 'कट्यार काळजात घुसली' (२०१५), 'ला ला लँड' (२०१६) आणि 'विकेड' (२०२४). चित्रपट चार, पण मतें मात्र चाळीस!

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें कीं, बोलतां बोलतां माणसें एकदम गाऊं लागतात, हा प्रकारच मुळीं खोटा. दहावींतील एक मुलगी नम्रपणें म्हणाली, "काका, नुसतें बोलून मन मोकळें होत नाहीं, तेव्हांच तर माणूस गातो." तिसरे गृहस्थ गाण्याचे शौकी. त्यांचें म्हणणें, गावयाचेंच तर गवयानें गावें. नटनट्यांच्या कच्च्या गळ्यानें आमचे कान कां विटवावे? या तीनहि मतांत कांहीं तथ्य आहे असें आम्हांस वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

पहिलें मत घेऊं. माणसें व्यवहारांत गात नाहींत म्हणून पडद्यावरहि गाऊं नये, असें म्हणणाऱ्या मराठी माणसानें आपल्या रंगभूमीचें काय करावयाचें हें अगोदर ठरवावें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्यांत दुष्यंत राजा गातो, शकुंतला गाते, आणि आपल्या पणजोबांना त्यांत खोटें असें कांहीं वाटलें नाहीं. रंगवलेल्या पडद्यास आपण जसें अरण्य म्हणून पत्करतों, तसेंच राजाचें गाणेंहि पत्करतों. हा नट आणि प्रेक्षक यांच्यांतील करार आहे. दोन्ही पक्षांनीं तो पाळला, कीं त्यांत लबाडी उरत नाहीं.

मग हा करार मोडतो केव्हां? गाण्यासाठीं कथा खोळंबून राहते तेव्हां. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' हा आपल्या देशांतील पहिला बोलपट लागला. त्यांत सात गाणीं होतीं. पुढल्याच वर्षींच्या 'इंद्रसभा'ंत हीच संख्या सत्तरांच्या घरांत गेली! गाणीं दसपट झालीं म्हणून रस दसपट होतो, असें मात्र कोणी म्हणणार नाहीं. गाणीं मोजूं नयेत, पारखावींत. आमची पारख साधी आहे. गाणें सुरू होण्यापूर्वीं पात्र जेथें होतें, तेथेंच तें गाणें संपल्यावरहि असेल, तर तें गाणें वगळलें तरी चालेल.

ही पारख लावून पाहूं. 'ले मिझेराब्ल'मधील फांतीन ही कारखान्यांतून काढून टाकलेली एक निराधार आई. मुलीच्या पोटासाठीं ती आपले केस विकते, दांत विकते आणि अखेर अब्रूसहि मुकते. मग ती एकटीच गाते. चित्र तिच्या चेहऱ्यावरून हलत नाहीं. गाणें संपतें तेव्हां आपणांस कळून चुकतें कीं, या बाईच्या अंतरांतील शेवटचा दिवाहि विझला. हीच गोष्ट तिनें दोन वाक्यांत सांगितली असती, तर आपण ती ऐकून सोडून दिली असती. या भूमिकेबद्दल ॲन हॅथवे हिला सहायक अभिनेत्रीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. 'विकेड'च्या अखेरीसहि असेंच घडतें. हिरव्या कातडीची एल्फाबा घटकाभरापूर्वीं जादूगाराच्या भेटीसाठीं आतुर झालेली विद्यार्थिनी असते; गाणें संपतें तेव्हां ती त्याच्या राज्याची वैरीण ठरून आकाशांत झेपावलेली असते. एका नाटकाचे दोन चित्रपट करून प्रेक्षकास वर्षभर तिष्ठत ठेवणें आम्हांस रुचलें नाहीं. तरी तें शेवटचें गाणें खरें, याविषयीं दुमत झालें नाहीं.

'ला ला लँड'विषयीं मात्र कडाक्याचें भांडण झालें. त्याच्या आरंभीं लॉस एंजलिसच्या महामार्गावर मोटारींची रांग खोळंबलेली दिसते, आणि लोक बाहेर पडून टपांवर चढून नाचूं लागतात. डोळ्यांचें पारणें फिटतें खरें, पण तो नाच काढून टाकला तरी कथेचा एक टांकाहि उसवत नाहीं. याउलट, शेवटाकडे नायिका मिया हिला परीक्षक एखादी गोष्ट सांगावयास म्हणतात. ती आपल्या मावशीची गोष्ट सांगूं लागते आणि सांगतां सांगतांच गाऊं लागते. त्या गाण्यावर तिचें पुढील आयुष्य ठरतें. आम्ही दुसऱ्या गाण्याचा पक्ष घेतला. तेव्हां नववींतील एका मुलानें विचारलें, "सर, आनंद हें कारण पुरेसें नाहीं काय?" या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां तिसरें मत, म्हणजे गळा कोणाचा? 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटांत गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनीं आपापलीं पदें स्वतःच म्हटलीं. पुढें १९३५ च्या सुमारास कलकत्त्यास पार्श्वगायनाची वाट मोकळी झाली, आणि ओठ एकाचे व गळा दुसऱ्याचा ही आपल्याकडील नित्याची रीत बनली. अमेरिकेंतहि हें घडलें. 'द किंग अँड आय' (१९५६), 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) या तीन नामांकित चित्रपटांच्या नायिका निरनिराळ्या; पण त्यांच्यासाठीं गाणारी बाई बहुतांशीं एकच, मार्नी निक्सन. आणि पडद्यावरील नामावळींत त्या वेळीं तिचें नांव नव्हतें!

अलीकडे तिकडे वारें उलट दिशेनें वाहूं लागलें आहे. 'ले मिझेराब्ल'च्या नटांनीं कॅमेऱ्यापुढेंच, कानांतील बारीक यंत्रांतून पियानो ऐकत, गाणीं गाइलीं. वाद्यवृंदाची साथ मागाहून भरली. त्यामुळें कित्येकांना रसेल क्रो याचा आवाज तोकडा वाटला, तर कित्येकांना त्याच कच्चेपणांत जिवंतपणा दिसला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं २०२१ सालीं 'वेस्ट साइड स्टोरी' पुन्हां पडद्यावर आणली, तेव्हां मारियाच्या भूमिकेसाठीं सुमारें ३०,००० मुलींतून रेचल झेग्लर हिची निवड झाली. निवड झाली त्या वेळीं ती शाळेंत शिकत होती, आणि चित्रपटांत ती आपल्याच गळ्यानें गाइली.

तर मग पार्श्वगायन ही लबाडीच म्हणावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. 'कट्यार'ंत पंडितजींच्या भूमिकेंत शंकर महादेवन स्वतः गातात. पण खांसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना राहुल देशपांडे यांचा गळा आहे, आणि सदाशिव झालेल्या सुबोध भाव्यांना महेश काळे यांचा. १९६७ च्या मूळ नाटकांत खांसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं गाजविली होती. राहुल हे त्यांचेच नातू. जेथें दोन घराण्यांची झुंज हाच कथेचा विषय, तेथें वर्षानुवर्षांच्या रियाझाचाच गळा हवा. त्या गायकांचीं नांवें प्रेक्षकांपासून लपविलेलीं नाहींत, आणि अभिनयाचें काम नटांनीं चोख बजावलें आहे. उसनें घेणें हा दोष नव्हे. उसनें घेऊन तें आपलेंच म्हणून मिरविणें हा दोष. मार्नी निक्सन गाइली यांत अन्याय नव्हता, तिचें नांव गाळलें यांत होता.

हें सारें आम्ही कां लिहीत आहों? गेल्या स्नेहसंमेलनांतील एक प्रसंग आमच्या मनांतून जात नाहीं. पांचवीसहावींच्या मुलांचा एक नाच ठेविला होता. गाणें ध्वनिमुद्रित होतें. मुलें नाचत होतीं आणि ओठ हलवीत होतीं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर यंत्र बंद पडलें. वीसबावीस मुलें तोंडें उघडीं ठेवून स्तब्ध उभीं राहिलीं. पुढला शब्द एकासहि येत नव्हता. सभागृहांत हंशा पिकला. आम्हीहि हंसलों. घरीं गेल्यावर मात्र लाज वाटली; कारण तें गाणें आम्हींच निवडलें होतें, आणि तीन आठवड्यांच्या तालमींत मुलांना तें एकदां तरी गावयास लावावें, हें आम्हांसच सुचलें नव्हतें. आम्हीं त्यांना पावलें शिकविलीं, हात शिकविले, हंसणेंहि शिकविलें. गाणें तेवढें राहिलें.

कांहीं पालक म्हणतील, मुलाचा आवाज फुटला तर चारचौघांत हंसें होईल, आणि आजकाल कोणीतरी मोबाइलवर टिपून तें गांवभर करील. ही भीति खोटी नाहीं. पण त्या दिवशीं यंत्र बंद पडल्यावर हंसें चुकलें काय? फुटलेल्या आवाजाचें हंसें एका संध्याकाळपुरतें असतें. गाणें ही आपली गोष्टच नव्हे, तें दुसऱ्या कोणीतरी करावयाचें व आपण नुसते ओठ हलवावयाचे, हा समज मात्र जन्मभर पुरतो. असा समज झालेला मुलगा पुढें निबंध उसना घेईल, मतहि उसनें घेईल, आणि देणाऱ्याचें नांव सांगावयास विसरेल.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, येत्या स्नेहसंमेलनांत प्रत्येक वर्गानें निदान एक गाणें स्वतःच्या गळ्यानें, पेटी आणि तबल्याच्या साथीवर म्हणावें. बाकीचे नाच ध्वनिमुद्रित गाण्यांवर खुशाल व्हावेत. त्यांत आनंद आहे, आणि आनंदाविरुद्ध आमच्याजवळ उत्तर नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. मात्र त्या गाण्यांच्या गायकांचीं नांवें कार्यक्रमपत्रिकेंत छापावींत.

ज्या गृहस्थांना कच्च्या गळ्याचा तिटकारा आहे, त्यांना आमचें पहिल्या रांगेचें आग्रहाचें निमंत्रण आहे. त्यांचे कान थोडे विटतील. पण त्यांचा स्वतःचा मुलगा दुसऱ्या कडव्यांत अडखळून पुन्हां सुरांत येईल, तेव्हां ते काय म्हणतात, हें ऐकण्यास आम्ही उत्सुक आहों.