घरात बनवलेली बंदूक: अमेरिकेत एका राज्यात गुन्हा, दुसऱ्या राज्यात छंद

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एका आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची गोळ्या झाडून हत्या झाली. संशयिताकडे सापडलेली बंदूक थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली असावी, असं पोलिसांनी सांगितलं. मग विनापरवाना बंदूक बनवणं अमेरिकेत गुन्हा नाही का? ते राज्यावर अवलंबून आहे.

केंद्रीय कायदा काय सांगतो?

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार बंदुका बनवण्याचा किंवा विकण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना परवाना लागतो. स्वतःच्या वापरासाठी साधं पिस्तूल किंवा रायफल बनवणाऱ्याला सहसा लागत नाही. त्यावर अनुक्रमांक टाकण्याचीही सक्ती नाही.

'घोस्ट गन' म्हणजे काय?

अनुक्रमांक नसलेली बंदूक. हा क्रमांक पाहूनच पोलीस बंदूक कुणी बनवली, कुणाला विकली हे शोधतात. क्रमांक नसेल तर हा मार्गच बंद होतो. माग काढण्यासाठी केंद्रीय यंत्रणेकडे आलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये त्या १९,००० च्या पुढे गेल्या.

राज्यांनी काय केलं?

न्यू जर्सीने २०१८ मध्ये उत्पादक परवान्याशिवाय थ्रीडी प्रिंटरवर बंदूक बनवणं गुन्हा ठरवलं. कॅलिफोर्नियात घरी बंदूक बनवण्याआधी सरकारकडून अनुक्रमांक घ्यावा लागतो. टेक्साससारख्या राज्यांत मात्र असा वेगळा कायदा नाही.

सर्वोच्च न्यायालयाचं काय म्हणणं?

घरी जोडायच्या बंदुकीचे किटही बंदूकच मानायचे, असा नियम केंद्राने २०२२ मध्ये केला. विक्रेत्याला परवाना, अनुक्रमांक आणि ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणी बंधनकारक झाली. न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी हा नियम कायम ठेवला. पण तो किट विकणाऱ्यासाठी आहे. घरी प्रिंटर घेऊन बसलेल्याला तो लागू होत नाही.

भारतात असं चालतं का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवायला परवाना लागतोच, मग ती विकायची असो वा नसो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

खरी अडचण कुठे आहे?

न्यू जर्सीचा कायदा राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. बंदुकीचा आराखडा असलेली फाईल मात्र एका क्लिकवर कुठेही पोहोचते, आणि सैल कायद्याच्या राज्यात बनलेली बंदूक गाडीत टाकून कडक कायद्याच्या राज्यात नेता येते. केंद्राचा कायदा बदलत नाही तोवर कडक राज्यांची सुरक्षा शेजारच्या राज्यांच्या हातात राहील.