कुलूप कोणाच्या दाराला?

समाजमाध्यमांविषयी लिहिताना तेथील स्त्रीपुरुषांच्या संख्येतील तफावत आणि तेथील विश्वासाचा अभाव हे दोन स्वतंत्र प्रश्न मानण्याची प्रथा पडली आहे. पहिला शिक्षणाचा व साधनांचा, दुसरा पोलिसांचा व कायद्याचा, अशी ही वाटणी. वस्तुतः भारतापुरते तरी हे एकाच प्रश्नाचे दोन पदर आहेत.

साधनांची वाण खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के, तर पुरुषांचे ५७.१ टक्के आढळले. या हिशेबाने इंटरनेटपर्यंत पोचलेल्यांत स्त्रिया एकतृतीयांशाहून अधिक भरतात. परंतु २०२१ साली भारतातील फेसबुकच्या मासिक वापरकर्त्यांत ७५ टक्के पुरुष होते, असे त्या कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात दिसले. २०२२ मध्ये रॉयटर्सने ते उघड केले. हातात साधन आल्यावरही काही स्त्रिया उंबरठ्याशीच थांबतात, असा याचा अर्थ होतो. सुरक्षिततेची आणि खासगीपणाची चिंता हे कारण त्याच अभ्यासाने नोंदविले आहे.

यावर उपाय म्हणून कंपनीने २०१७ मध्ये भारतातील वापरकर्त्यांना छायाचित्राभोवती संरक्षक चौकट दिली आणि २०२० मध्ये सगळे खातेच अनोळखी नजरेपासून बंद करण्याची सोय केली. त्यामुळे अनेकींना तेथे टिकून राहता आले, हे मान्य केले पाहिजे. तथापि कुलूप जिला भीती वाटते तिच्या दाराला लागले. भीती घालणाऱ्याचा रस्ता मोकळाच राहिला. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने जाहीर बोलणाऱ्या स्त्रिया त्यात होत्या. विश्वास ठेवणे हाच जणू त्यांचा अपराध ठरला.

अशा वेळी सर्वांनाच खरे नाव सक्तीचे करावे, अशी सूचना हमखास पुढे येते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने तरी ती सहजासहजी स्वीकारू नये. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावाने. त्यामागील मालतीबाई बेडेकर वाचकांना पुढे कळल्या. ‘ही लेखिका कोण?’ या कुतूहलाने महाराष्ट्र ढवळून निघाला, पण त्या आडनावाच्या आडोशावाचून ते पुस्तक त्या काळात तसे लिहिले गेले असते काय, हा प्रश्न उरतोच. टोपणनाव म्हणजे फसवणूक नव्हे. कित्येकदा ती खरे बोलण्याची पूर्वअट असते.

बोलण्यासाठी घेतलेले नाव आणि घाव घालण्यासाठी चढविलेला मुखवटा यांत भेद करावयाचा तो कृतीवरून. मुखवट्यामागील माणूस सापडत नाही, ही सबबही टिकणारी नाही. पहिल्या ‘लिलावा’चा गुन्हा जुलै २०२१ मध्येच नोंदविला गेला होता, त्यातील अटक मात्र दुसरे प्रकरण गाजल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये झाली. कमतरता ओळखपत्राची नव्हती, निकडीच्या जाणिवेची होती.

म्हणून स्त्रियांची खाती किती वाढली, एवढ्यावरून समतोल मोजणे अपुरे आहे. तक्रार किती लवकर ऐकली जाते, आणि बंद केलेली दारे किती स्त्रियांना पुन्हा उघडावीशी वाटतात, ही त्याची खरी कसोटी होय.

हा प्रश्न साहित्याच्या कक्षेबाहेरचा नाही. आजची पत्रे, टिपणे, वादविवाद यांचा मोठा भाग याच माध्यमांत लिहिला जात आहे, आणि उद्याच्या वाङ्मयेतिहासकाराला त्यातील उघडा भागच बहुधा हाती लागेल. बंद दारामागे स्त्रियांनी लिहिलेले त्याला दिसणार नाही. मग स्त्रिया गप्प होत्या, असा निष्कर्ष तो काढील. आणि त्या चुकीची जबाबदारी त्याची नसेल, आजच्या समाजाची असेल.