रोज वीस कांजींचा हट्ट

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून जपानला जाणारी ५० हजार कुशल माणसे धरली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली-मूलकडच्या आणि गडचिरोलीच्या नर्सिंग किंवा आयटीआय केलेल्या मुलामुलींनी ही वाट धरायचे ठरवले, तर त्यात नवल नाही. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा पास व्हावी लागते. आणि तिथे कांजी, म्हणजे जपानी लेखनातली चिनी चिन्हे, आडवी येते.

नेहमीच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या कांजींची संख्या २१३६ आहे. आकडा ऐकून नवखा हबकतो. मग त्याला सल्ला मिळतो: रोज वीस पाठ कर, साडेतीन महिन्यांत यादी संपते. हा सल्ला चुकीचा आहे.

पूर्वपक्ष मात्र तकलादू नाही. जेम्स हायसिग यांनी सत्तरच्या दशकात जपानला पोचल्यावर महिन्याभरात सुमारे १९०० कांजींचे अर्थ आणि लेखन आत्मसात केले आणि त्या पद्धतीवर गाजलेले पुस्तक लिहिले. आपल्याकडे विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. मग वीस कांजींचे काय एवढे? शिवाय क्लासची फी भरलेल्या, घरच्यांचे डोळे लागून राहिलेल्या मुलाला सावकाश शिकण्याची चैन परवडत नाही. हा शेवटचा मुद्दा सर्वांत खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

आधी उदाहरणे पाहू. हायसिग यांच्यापुढे त्या महिन्यात दुसरे काम नव्हते आणि त्यांच्या पहिल्या खंडात कांजींचे उच्चार नाहीतच. विनोबांना तुरुंगात दिवस मोकळा होता आणि दक्षिणेच्या लिप्या आपल्या बाराखडीच्याच घरातल्या. अक्षर ओळखले की उच्चार हाती येतो. कांजीचे तसे नाही.

पहिलीतल्या जपानी मुलाची एक कांजी घ्या: 'ता', म्हणजे धानाचे शेत. चौकोन, मध्ये एक उभी आणि एक आडवी रेघ. बांधांनी पाडलेल्या चार बांध्याच जणू. सावलीच्या पोराला ती बघताक्षणी पाठ होईल. झाडाची 'कि', दोन झाडांची 'हायाशि' आणि तीन झाडांची 'मोरि', म्हणजे घनदाट वन, याही तशाच सोप्या. पण त्याच पहिलीच्या यादीत पाचच रेघांची एक कांजी आहे. जगणे म्हणताना ती 'इ', जन्मणे म्हणताना 'उ', कच्चे म्हणताना 'नामा', विद्यार्थी म्हणताना 'सेइ' आणि जन्मभर म्हणताना 'शो' अशी वाचतात. ही मोजायला एक कांजी, शिकायला मात्र पाच-सहा गोष्टी. रोज वीसचा हिशेब इथेच कोसळतो.

दुसरा हिशेब उजळणीचा. शिकलेली कांजी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा पाहायची असे धरा. रोज वीस नव्या घेतल्या, तर महिनाअखेर दररोज शंभर जुन्या आणि वीस नव्या समोर येतात, विसरलेल्या वेगळ्याच. लिहून पाहायला एकीला एक मिनिट लागले, तरी दोन तास गेले, आणि व्याकरण अजून उघडलेलेही नाही. कांजी शिकणाऱ्यांत लोकप्रिय असलेल्या 'आंकी' या ॲपमध्ये रोजची नवी कार्डे वीस अशीच आधीपासून ठरवलेली असतात. तो आकडा बदलता येतो, हे नवख्याला सांगायला हवे.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांची यादी एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावर साधले. म्हणजे एका दमात पाठ करणाराच जास्त कष्ट उपसतो.

आता पैशांचा मुद्दा. जेएलपीटीच्या जुन्या रचनेत, आजच्या एन-४च्या जवळ असलेल्या पातळीसाठी सुमारे ३०० कांजी, १५०० शब्द आणि ३०० तासांचा अभ्यास धरला जाई. रोज दोन कांजी, आठवड्याचे सहा दिवस, असे केले तरी पंचवीस आठवड्यांत तीनशे होतात. रोज एक तास दिला, तर तीनशे तासांना दहा महिने लागतात. एका वर्षात हे बसते. मग वीसचा आटापिटा कोणासाठी?

घाईची किंमत जपानने पाहिली आहे. २००८ पासून इंडोनेशिया आणि पाठोपाठ फिलिपिन्सच्या प्रशिक्षित परिचारिका त्या देशांशी झालेल्या करारांनुसार तिथे गेल्या. इंडोनेशियाच्या पहिल्या तुकडीला भाषेचे सहा महिने मिळाले होते. २०१० च्या राष्ट्रीय नर्सिंग परीक्षेला या करारांतले २५४ जण बसले; पास झाले तिघे. रुग्णसेवा त्यांना येत होती, प्रश्नपत्रिका वाचता येत नव्हती. पुढे सरकारलाच कठीण कांजींवर उच्चार छापावे लागले, वैद्यकीय शब्द सोपे करावे लागले.

कोट्याचे काय होते, याची साक्ष खादीच्या इतिहासातही सापडते. सावली हे चरखा संघाचे खादी केंद्र होते; १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथेच भरले आणि गांधीजी त्याला आले होते. त्याआधी, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने सभासदाला महिन्याला दोन हजार वार सुताची अट घातली. स्वतः कातायचे नसेल, तर दुसऱ्याने कातलेले द्यायचीही सोय ठेवली. वर्षभरात ती अट सैल करून चार आण्यांचा पर्याय द्यावा लागला. रोज अर्धा तास कातण्याचा नेम मात्र ज्यांनी धरला, त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. कांजीलाही आकड्यापेक्षा वेळेचा असा नेम लावावा: रोज तीस-चाळीस मिनिटे, आधी उजळणी, उरलेल्या वेळात जमतील तेवढ्याच नव्या. कालच्यापैकी पाचवा हिस्सा विसरला असेल, तर आज नवी एकही नको. आणि नवी घेताना ती शब्दासकट घ्यावी. सुटा अर्थ घोकून वाचन येत नाही.

याचा अर्थ 'जमेल तेव्हा, जमेल तसे' असा काढणारे दुसऱ्या टोकाला चुकतात. चार दिवस बंद आणि रविवारी तीन तास, हीही घोकंपट्टीच. जपानी मुलाला १०२६ कांजींसाठी प्राथमिक शाळेची सहा वर्षे मिळतात, पहिलीत फक्त ८०. पण त्या सहा वर्षांत शाळा रोज भरते. मोठ्या माणसाने मुलापेक्षा जलद जावेच, त्याची समज मोठी असते. मात्र ही मुले शाळेत येतात ती भाषा बोलतच, हे विसरू नये.

सावलीच्या मुलांचे वेळापत्रक पुण्याच्या क्लासने आखून चालणार नाही. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरात होते. जुलैची परीक्षा नेमकी धानाच्या हंगामात येते: पऱ्हे तयार होत असतात, रोवणी तोंडावर असते आणि घरात एकेक हात हवा असतो. त्याआधी मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या आठवड्यांत नव्या कांजी पूर्ण बंद ठेवून पंधरा मिनिटांची उजळणी तेवढी चालू ठेवावी; ती शेतातून आल्यावर, जेवणाआधीही होते. डिसेंबरची परीक्षा धरली, तर रोवणी आटोपल्यावर सप्टेंबरचा महिना मोकळा मिळतो. कापणीत पुन्हा फक्त उजळणी. एन-४ची तयारी करणाऱ्याने आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच रोज दोन कांजींपासून सुरुवात केली, तर हे सगळे खाडे धरूनही परीक्षेआधी तीनशे कांजी होतात.