जळालेल्या बोर्डाचा हिशेब

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की आमच्या विज्ञान मंडळाकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, टाकी भरली की घंटी वाजेल असा प्रकल्प करायचाय. रास्पबेरी पाय घेऊ का?" आमचे उत्तर ठरलेले आहे : घंटी वाजवायला अख्खा संगणक कशाला?

रास्पबेरी पाय २०१२ साली ३५ डॉलरला आला आणि स्वस्त संगणक म्हणून गाजला. पण तो चालवायचा तर मेमरी कार्ड हवे, पॉवर सप्लाय हवा, बहुधा पडदाही हवा. टाकीच्या कामाला आर्डुइनो उनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतो. प्रोग्रामसाठी त्यात अवघी ३२ किलोबाइट जागा असते, पण घंटीचा प्रोग्राम त्यात सहज मावतो.

आर्डुइनो २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. त्याचे आराखडे सर्वांना खुले आहेत. म्हणून दुसऱ्या कंपनीने तसाच बोर्ड बनवून विकणे ही चोरी नव्हे. फक्त आर्डुइनो हे नाव तिला वापरता येत नाही. असे बोर्ड मूळ बोर्डाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

मग अडते कुठे? पहिली अडचण कुरिअरची. आपण पुणे-बंगळुरू महामार्गावर राहतो. एका टोकाला पुण्याची तापकीर गल्ली, दुसऱ्या टोकाला बंगळुरूचा एस. पी. रोड, दोन्हीकडे हा माल मुबलक. पण बेळगाव-निपाणीच्या मुलाने एकटा सेन्सर मागवला तर सेन्सरपेक्षा कुरिअर महाग पडते. वीस जणांची मागणी एकत्र गेली तर हा खर्च जाणवणारही नाही.

दुसरी अडचण कुलपाची. शाळेने घेतलेली वस्तू कपाटात जाते, कारण मोडली तर जबाबदार कोण? विश्वस्तांची काळजी रास्त आहे, पैसा देणगीदारांचा असतो. पण उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या पालकांना विचारा, चार कास्टिंग वाया गेल्याशिवाय कुणाचा हात बसला आहे का? ईएसपी३२ बोर्ड ३.३ व्होल्टचा. त्याच्या पिनेला ५ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. हे वहीत लिहून घेतलेला मुलगा विसरेल, एकदा बोर्ड जाळलेला विसरणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी. वाचनालयातल्या पुस्तकांप्रमाणे शाळेने वीस साधे बोर्ड आणि थोडे सेन्सर एका पेटीत ठेवावेत. मुलांनी ते आठवड्यासाठी घरी न्यावेत, परत करताना काय केले आणि काय चुकले ते नोंदवहीत लिहावे. घरातल्या २३० व्होल्टला मात्र कुणी हात लावायचा नाही, काम बॅटरीवरच. मुक्त सॉफ्टवेअरचे धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मराठीतूनही ऐकता येतात. आणि दरवर्षी काही बोर्ड जळणार, हे अंदाजपत्रकातच धरावे; मुलाकडून भरपाई घेऊ नये.

वर्षअखेरीस पेटीतले सगळे बोर्ड कोरे करकरीत निघाले, तर ते पैसे वाया गेले असे आम्ही समजू.